लॅटिऑस पळू नये म्हणून: मीन लूक, शॅडो टॅग आणि टाकणाऱ्याची तब्येत

देवगडहून एकाने विचारलंय: "दादा, काकांनी गणपतीत मुंबईहून जुना गेमबॉय अॅडव्हान्स आणि पोकेमॉन एमराल्डची कार्ट्रिज आणून दिली. टीव्हीवरच्या बातमीत मी निळा रंग सांगितला, त्यामुळे लॅटिऑस हा दुर्मिळ पोकेमॉन नकाशाभर फिरतोय. गाठला की पहिल्याच टर्नाक मेलो पळान जाता! माझ्या डस्क्लॉप्सकडे मीन लूक आहे, लेव्हल ५५, पण तो वापरायच्या आधीच लॅटिऑस गायब. आता क्रोबॅट तयार करू का? तो फास्ट आहे ना? आणि मीन लूक ऑनलाईन बॅटलमध्ये कोणी वापरतं का, की नुसतं जंगली पोकेमॉन पकडण्यापुरतंच?"

क्रोबॅट करू नकोस. निदान लॅटिऑससाठी तरी नको. वॉबफेट कर. का ते सविस्तर सांगतो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या प्रत्येक फिरत्या लेजेंडरीला (दुर्मिळ, एकमेव पोकेमॉनला) हाच हिशोब लागतो.

मीन लूक आली १९९९ साली, गोल्ड-सिल्व्हरमध्ये. नॉर्मल टाईप, नुकसान शून्य, पीपी (किती वेळा वापरता येते तो आकडा) फक्त ५, पण नेम चुकण्याचा प्रश्न नाही. लागली की समोरच्याला ना स्विच करता येत, ना पळता येत. स्पायडर वेब तिची त्याच काळातली बहीण, आणि ब्लॉक पुढे रुबी-सफायरमध्ये आली. तिघींचं काम एकच. बहुतेक जण इथेच थांबतात आणि समजतात की मूव्ह लागली म्हणजे समोरच्याला कुलूप बसलं. तसं नाही. ही मूव्ह म्हणजे रापणीचा दोर. किनाऱ्यावरचा हात सुटला की आतली सगळी मासळी मोकळी. ज्याने मीन लूक टाकली तो मैदानातून गेला, मग तू त्याला परत बोलावलास किंवा तो बेशुद्ध पडला, की बंधन त्याच क्षणी संपलं. पुढच्या टर्नला लॅटिऑस पसार.

म्हणजे प्रश्न तीन होतात. टाकणारा लॅटिऑसच्या आधी चाल करतो का? केल्यावर तो टिकतो का? आणि तो मैदानात असतानाच बाकीचं सगळं काम उरकता येतं का?

तुझा डस्क्लॉप्स पहिल्याच प्रश्नात नापास. त्याचा बेस स्पीड, म्हणजे त्या जातीचा मूळ वेग, २५. जेन ३ चं (तिसऱ्या पिढीच्या गेमचं, एमराल्ड त्यातलीच) स्पीडचं गणित सोपं आहे: बेसची दुप्पट, त्यात आयव्ही (पोकेमॉनचा जन्मजात गुण), त्याला लेव्हलने गुणून शंभराने भागायचं आणि ५ मिळवायचे. आयव्ही मधला, १५ धरला आणि ईव्ही (लढून मिळवलेले गुण) शून्य धरले, तर लेव्हल ५५ च्या डस्क्लॉप्सचा स्पीड ४० येतो. लेव्हल ४० च्या लॅटिऑसचा ९९. फिरता पोकेमॉन त्याची पाळी आली की पळतोच, त्यामुळे तुझ्या डस्क्लॉप्सची पाळी कधी येतच नाही. दुसरं म्हणजे लेव्हल ५५ चा पोकेमॉन पुढे ठेवून लॅटिऑस शोधणंही अवघड होतं. ते खाली सांगतो.

आता क्रोबॅट. बेस स्पीड १३०, म्हणजे लेव्हल ३९ ला ११२. लॅटिऑसच्या आधी चाल नक्की. मात्र एमराल्डमध्ये एक मेख आहे: झुबॅट मीन लूक लेव्हल ३६ ला शिकतो, गोल्बॅट शिकतो ४२ ला. रिपेलच्या (जंगली पोकेमॉन दूर ठेवणाऱ्या फवाऱ्याच्या) युक्तीसाठी पुढचा पोकेमॉन ४० च्या वर जायला नको. म्हणून लेव्हल २२ पासून ३६ पर्यंत दर वेळी बी दाबून झुबॅटला झुबॅटच ठेवायचं, मीन लूक शिकली की गोल्बॅट होऊ द्यायचं आणि फ्रेंडशिप भरलेली असेल तर पुढच्या लेव्हलला क्रोबॅट. एवढा खटाटोप केलास, लॅटिऑस समोर आला, मीन लूक लागली. मग काय होतं? त्या लेव्हलच्या लॅटिऑसकडे चार मूव्ह असतात: प्रोटेक्ट, रिफ्रेश, लस्टर पर्ज आणि सायकिक. शेवटच्या दोन्ही सायकिक टाईप, आणि क्रोबॅट पॉयझन असल्याने त्याला दुप्पट लागतात. मी धरलेल्या आकड्यांनी क्रोबॅटचा एचपी १२१ च्या आसपास येतो. सायकिक बसला तर एका फटक्यात संपला. लस्टर पर्जमधून वाचला तरी कसाबसा. चारातल्या दोन मूव्ह जीवघेण्या, आणि जंगली पोकेमॉन मूव्ह निवडतो ती अंदाधुंद. म्हणजे जवळपास प्रत्येक टर्नला नाणं उडवल्यासारखं. क्रोबॅट पडला की लॅटिऑस गेला.

गंमत म्हणजे याच लॅटिऑससमोर सेबलायला काहीच होत नाही. तो डार्क आहे, सायकिक मूव्ह त्याला लागतच नाहीत. ग्रॅनाइट केव्हमध्ये मिळतो आणि लेव्हल ४५ ला मीन लूक शिकतो. पण त्याचा बेस स्पीड ५०. लॅटिऑसला मागे टाकायचं तर त्याला ऐंशीच्या वर न्यावं लागेल, आणि मग रिपेल विसरायचं. कल्पना छान आहे, पण तुझ्या वेळेची किंमत असेल तर नको.

म्हणून वॉबफेट. त्याची शॅडो टॅग ही अॅबिलिटी आहे, मूव्ह नव्हे. मैदानात उतरल्या क्षणी ती चालू होते, टर्न लागत नाही, स्पीड लागत नाही. वॉबफेटचा बेस स्पीड ३३, पण इथे त्याला कोण विचारतंय? डिगलेट-डगट्रिओची अरीना ट्रॅपही अशीच अॅबिलिटी आहे, पण ती जमिनीवरच्यांनाच धरते. लॅटिऑसला लेव्हिटेट आहे, त्यामुळे तिचा उपयोग नाही. शॅडो टॅगला हवा-जमीन असला भेद नाही.

वॉबफेट मिळवायचा कसा? लॅव्हरिजच्या गरम पाण्याच्या झऱ्याजवळ एक म्हातारी बाई अंडं देते. त्यातून वायनॉट, म्हणजे वॉबफेटचं लहान रूप, निघतो. लेव्हल १५ ला तो एकदम चार मूव्ह शिकायला मागतो: काउंटर, मिरर कोट, सेफगार्ड, डेस्टिनी बाँड. इथे घाई करू नकोस. एनकोअर त्याच्याकडे आधीपासून असते, ती ठेव. मिरर कोट घे. डेस्टिनी बाँड घेतलीस तरी या लढतीत तिला हात लावू नकोस, वॉबफेट पडला तर लॅटिऑसही पडेल. लढून लेव्हल वाढवणं वॉबफेटला जमत नाही, म्हणून एक्सपी शेअर (न लढताही अनुभव मिळवून देणारी वस्तू) दे किंवा रूट ११७ वरच्या डे केअरमध्ये सोड. डे केअरमध्ये मूव्ह पुसल्या जातात ही भीती असते, पण वॉबफेटला पुढे शिकायचं काहीच नसतं, त्यामुळे एनकोअर सुरक्षित राहते. ४० ला पोचला की काढून घे. ४० म्हणजे ४०, ४१ नाही.

कारण हे. रिपेल चालू असताना तुझ्या पहिल्या पोकेमॉनपेक्षा कमी लेव्हलचे जंगली पोकेमॉन समोर येत नाहीत. बरोबरीचे किंवा वरचे येतात. लॅटिऑस ४० चा. पुढे ४० चा वॉबफेट ठेवलास की गवतातला बाकीचा सगळा गाळ बाहेर राहतो आणि उरतो तो लॅटिऑस. मॅक्स रिपेल २५० पावलं चालतो, भरपूर घे. एकदा दिसलेला लॅटिऑस पोकेडेक्सच्या एरिया पानावर सापडतो. फ्लाय करत पाठलाग करू नकोस, तू उडालास की तोही कुठल्या कुठे जातो. मॉव्हिल शहरात थांब. त्याच्या चारही बाजूंना रूट आहेत: ११०, १११, ११७, ११८. शहरातून रूटवर, रूटवरून शहरात अशी ये-जा कर आणि प्रत्येक वेळी नकाशा बघ. तो शेजारच्या रूटवर आला की गवतात शिरायचं. हे काम कंटाळवाणं आहे, ते मान्य करूनच बसायचं.

गवतात शिरण्याआधी सेव्ह. एमराल्डमध्ये लॅटिऑस मारलास तर तो कायमचा गेला, परत येत नाही. आणि समुद्राकाठी राहणाऱ्याला एक वेगळी सूचना: खाऱ्या हवेने कार्ट्रिजच्या धातूच्या पट्ट्यांवर हिरवट थर धरतो आणि मग गेम मध्येच लटकतो. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीने आणखी गंजतं. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. पावसाळ्यात नौका किनाऱ्याला लागल्या की जून-जुलैत आमच्या रत्नागिरीच्या दुकानात अशा कार्ट्रिज दर आठवड्याला येतात, आणि त्यातल्या बहुतेक नुसत्या पुसून चालू होतात.

आता प्रत्यक्ष लढत. लॅटिऑस समोर आला, शॅडो टॅग लागली, तो पळू शकत नाही. पहिल्या टर्नला मिरर कोट दाब. ती स्पेशल हल्ल्याचं दुप्पट नुकसान उलट देते. त्याने लस्टर पर्ज मारला तर वॉबफेटचे साधारण पस्तीस-चाळीस जातात, आणि लॅटिऑस एका मिरर कोटमध्ये निम्म्याच्या खाली येतो. सायकिक मारला तर आणखी खाली. त्यानंतर मिरर कोट बंद. दुसरी बसली तर लॅटिऑस मेला. आणि एक बारकावा: लस्टर पर्ज बऱ्याचदा समोरच्याचा स्पेशल डिफेन्स उतरवतो. पहिल्या मिरर कोटच्या आधीच तो उतरल्याचा मेसेज दिसला असेल तर मिरर कोट मुळीच मारू नकोस, दुप्पट होऊन जाणारा आकडा तुझ्या अंदाजाबाहेर जाईल.

मग एनकोअर. लॅटिऑसने रिफ्रेश वापरली की त्याच टर्नला, तुझी पाळी मागून असल्यामुळे, एनकोअर बसवता येते. पुढचे काही टर्न तो नुसती रिफ्रेश करत बसतो आणि तू बॉल फेकत बसतोस. हे जमलं की वॉबफेट आरामात टिकतो. नाही जमलं तरी त्याचा एचपी दोनशेच्या वर आहे, लेफ्टओव्हर्स (दर टर्नला थोडा एचपी भरणारी वस्तू) दे आणि मधूनमधून हायपर पोशन मार.

बॉल कोणता? लॅटिऑसचा कॅच रेट ३ आहे, २५५ पैकी. झोपवलेला, एक एचपी उरलेला असला तरी अल्ट्रा बॉलने शंभरात चार-पाच वेळा पकडला जाईल. वॉबफेट झोपवू शकत नाही, म्हणून तुझी शक्यता याहून कमी. टायमर बॉल रस्टबरोत मिळतात, टर्न वाढतील तसे ते ताकदवान होतात आणि ३० टर्नला चौपट होतात. पण फार लांबवूही नकोस. त्याच्या चारही मूव्हचे पीपी मिळून ४५. ते संपले की तो स्ट्रगल करायला लागतो आणि स्वतःच्याच माराने मरू शकतो. पंचविसाव्या-तिसाव्या टर्नपासून टायमर बॉलचा मारा, हे माझं वेळापत्रक. कधीच न चुकणारा मास्टर बॉल अजून शिल्लक असेल तर हे सगळं वाचून हसशील, पण मी तो एमराल्डमध्ये लॅटिऑसवर खर्च करत नाही.

करायचाच असेल तर फायर रेड-लीफ ग्रीनमध्ये कर. तिथे तू स्क्वर्टल घेतला असशील तर रायकू फिरतो, बल्बासॉर घेतला असशील तर एंटे, चारमँडर घेतला असशील तर सुइक्यून. तिघेही लेव्हल ५० चे. रायकू आणि एंटेकडे रोर, म्हणजे समोरच्याला हुसकावून लावणारी मूव्ह, असते. मीन लूक, शॅडो टॅग, काहीही असो, रोर बंधन मानत नाही आणि लढत तिथेच संपते. त्यात या गेममध्ये एक घातक बग आहे: फिरत्या रायकू किंवा एंटेने रोर वापरली की तो नकाशावरून कायमचा नाहीसा होतो. परत गाठण्याचा प्रश्नच उरत नाही. सुइक्यूनकडे रोर नाही, त्यामुळे चारमँडरवाल्यांनी निवांत राहावं, आणि क्रोबॅटही इथे बऱ्यापैकी चालतो. बाकीच्यांनी मास्टर बॉल, नाहीतर टॉन्ट मारून रोर अडवायची आणि लगेच झोपवायचं. अजून एक बग आहे तो मात्र तुझ्या फायद्याचा: या दोन गेममध्ये आणि रुबी-सफायरमध्ये फिरत्या पोकेमॉनचा स्पीडचा आयव्ही शून्यच येतो, त्यामुळे त्यांना मागे टाकणं थोडं सोपं जातं. एमराल्डमध्ये हा बग काढून टाकलाय. जुन्या गोल्ड-सिल्व्हरमध्ये तर पळणाऱ्यांसाठी खास केलेला फास्ट बॉलच बिघडलेला होता, चौपट फायदा मिळायचा तो फक्त मॅग्नेमाइट, ग्राइमर आणि टँगेलावर. रायकूवर फेकून उपयोग शून्य.

आता ऑनलाईन. थोडक्यात सांगायचं तर आजच्या लढतीत मीन लूक जवळजवळ कोणी घेत नाही. एक अख्खा टर्न खर्च होतो, तेवढ्यात समोरचा मारून जातो. शिवाय सुटायच्या वाटा वाढल्यात. ऑक्टोबर २०१३ मध्ये एक्स-वाय आले तेव्हापासून घोस्ट टाईपला कुठलंच बंधन लागत नाही. यू-टर्न, व्होल्ट स्विच, बॅटन पास असल्या मूव्ह मारून अडकलेला पोकेमॉनही बाहेर पडतो. शेड शेल ही वस्तू पोकेमॉनच्या हातात असेल तर सरळ स्विच करता येतं. मॅजिक बाउन्सवाल्या एस्पिऑनसमोर मीन लूक टाकलीस तर उलट तुझ्याच पोकेमॉनवर येऊन बसते.

पण अडकवणं ही कल्पना मात्र जिवंत आहे, अगदी बंदी घालण्याइतकी. ऑनलाईन लढतींचे नियम ठरवणाऱ्या स्मॉगन साइटच्या सध्याच्या ओयू या मुख्य फॉरमॅटमध्ये शॅडो टॅग आणि अरीना ट्रॅप दोन्हींना मनाई आहे. मेगा गेंगारला शॅडो टॅग मिळाली तेव्हा तो थेट उबर्समध्ये, म्हणजे ओयूत बंदी असलेल्यांच्या वरच्या गटात, गेला. कारण समोरच्याच्या सहा पोकेमॉनपैकी तुला नको असलेला एक निवडून, पळायची वाट बंद करून मारता येणं, यापुढे बाकी डावपेच फिके पडतात. तुझ्या वॉबफेटचंच बघ. जेन ३ मध्ये दोन वॉबफेट समोरासमोर आले तर दोघेही अडकायचे, कोणीच हल्ला करू शकत नाही, दोघांकडे लेफ्टओव्हर्स असले तर लढत संपायचं नाव नाही. म्हणून जेन ४ पासून शॅडो टॅगवाल्यावर शॅडो टॅग चालत नाही असा नियम केला, आणि स्ट्रगलचा स्वतःला बसणारा मार जास्तीत जास्त एचपीच्या पावपट केला.

पुढे अडकवण्याबरोबर नुकसानही करणाऱ्या मूव्ह आल्या. डेसिडुआयची स्पिरिट शॅकल, डेलमाईजची अँकर शॉट. डेलमाईज म्हणजे बुडालेल्या जहाजाच्या नांगराला गुंडाळलेलं शेवाळ, आपल्याकडच्या पोरांना हा पोकेमॉन फार आवडतो. ग्रापलॉक्टची ऑक्टोलॉक अडकवतेच, वर दर टर्नला दोन्ही डिफेन्स उतरवत नेते. यांचा टर्न वाया जात नाही, म्हणून आज अडकवायचंच असेल तर मी मीन लूकच्या आधी यांच्याकडे वळेन.

मीन लूकची खरी मजा घ्यायची असेल तर शोडाउन या ऑनलाईन लढतीच्या साइटवर जेन २ चा (गोल्ड-सिल्व्हरच्या काळातला) फॉरमॅट लाव आणि मिसड्रीव्हस घे. मीन लूक, पेरिश साँग, प्रोटेक्ट, पेन स्प्लिट. (गेममध्ये इक्रुटीकच्या मॉर्टीचा गेंगार हिप्नॉसिस-मीन लूक-ड्रीम ईटर घेऊन बसतो, तोही याच घरातला डाव, पण माणसासमोर मिसड्रीव्हस जास्त चालते.) पहिल्यांदा मीन लूक. समोरचा अडकला की पेरिश साँग: तिचा आकडा शून्यावर आला की मैदानात असलेले दोघेही पडतात. ज्या टर्नला ती वाजली त्याच्या शेवटी आकडा ३ दिसतो. पुढच्या टर्नला २, मग १. मधले टर्न प्रोटेक्ट आणि पेन स्प्लिटवर काढायचे. आकडा १ दिसला की पुढच्याच टर्नला तू मिसड्रीव्हसला परत बोलावायचंस. इथे नवखे अडतात, त्यांना वाटतं ती बाहेर पडली की समोरचाही सुटेल. बंधन सुटतं हे खरं, पण त्याने त्या टर्नची चाल निवडली तेव्हा मिसड्रीव्हस मैदानातच होती, स्विचचं बटण त्याच्यासाठी बंदच होतं. टर्नच्या शेवटी आकडा शून्य, तो पडला, तुझी मिसड्रीव्हस शाबूत.

फक्त समोरच्याकडे पर्सूट आहे का ते आधी ताडून बघ. तू बोलावत असतानाच ती बसते आणि दुप्पट लागते, वर मिसड्रीव्हसला डार्कचा मार आधीच जड. टायरॅनिटार दिसला की हा डाव त्याच्यावर मांडू नकोस, आधी दुसऱ्या कोणाकडून तरी त्याला काढ.